डौल की बडेजाव: घडवून घेतलेल्या वस्तऱ्याविषयी

वस्तरा पारखताना तो आधी बाजूने पाहू नये. बाजूने पाहिलं की डोळ्यांत भरते ती पात्यावरची लहरदार नक्षी, आरशासारखी झिलई, मुठीच्या लाकडातल्या रेषा. वस्तरा पूर्ण उघडावा आणि टोकाकडून, पात्याच्या लांबीच्या दिशेने पाहावा. तिथून एक निमुळता त्रिकोण दिसतो: वर जाड पाठ, खाली धार, आणि दोहोंच्या मध्ये आत वळलेल्या दोन बाजू. कारागिराला सांगून, आपल्या मापाने घडवून घेतलेला वस्तरा डौलदार असतो की नुसता मिरवायचा, या प्रश्नाचं माझं उत्तर या त्रिकोणापासून सुरू होतं. त्रिकोण बरोबर असेल तर त्याच्यावर सोन्याची तार जडवली तरी मला ती शोभते. तो चुकला असेल तर साध्यात साधा, काळ्या मुठीचा वस्तराही माझ्या लेखी बडेजावच आहे, कारण जे काम तो करू शकत नाही ते करत असल्याचा आव तो आणतो.

वस्तऱ्याची पाठ जाड असते ती ताकदीसाठी नव्हे. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. धारेचा कोन हाताने धरायचा नसतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनी तो आधीच ठरवलेला असतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन मनगट सांभाळतं, इथे तो घडवणाऱ्याने पोलादात कायमचा लिहून ठेवलेला असतो. म्हणून वस्तरा घडवणाऱ्याची चूक वापरणाऱ्याला सहजी दुरुस्त करता येत नाही.

हा कोन साधारण १६ ते १७ अंशांचा असावा. हिशेब सोपा आहे: धारेपासून पाठ दगडाला जिथे टेकते तिथपर्यंतची रुंदी मोजा आणि तिला साडेतीनने भागा, पाठीची योग्य जाडी मिळते. ५/८ इंची म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद पात्याला साडेचार मिलिमीटरची पाठ पुरते. ७/८ इंची म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर रुंदीला सहा मिलिमीटरहून थोडी जास्त लागते. एक इंची पात्याला सात मिलिमीटर हवेत, आणि घोटाळा इथेच होतो. रुंद पातं दिसायला रुबाबदार, फोटोत भरदार, म्हणून अशा पात्यांना मागणी फार. पण कारागिराकडे पाच मिलिमीटर जाडीची पट्टी पडलेली असते आणि तो तिच्यातूनच एक इंची पातं काढतो. कोन साडेअकरा अंशांवर येतो. अशी धार पहिल्या दाढीला अप्रतिम चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दाढीला हनुवटीच्या राठ केसांपाशी तिचे बारीक कण तुटू लागतात, आणि मग दोष पोलादाला दिला जातो. उलटही घडतं. वजन हातात जाणवावं म्हणून सहा मिलिमीटरची पाठ ५/८ इंची पात्याला दिली की कोन २१ अंशांच्या पुढे जातो. मग कितीही निसलं तरी केस कापला न जाता आधी ओढला जातो.

कोन फार बारीक असेल तर एक उपाय आहे: पाठीवर वीजकामाची चिकटपट्टी लावून निसणं. पट्टीचा एक थर सुमारे ०.१५ मिलिमीटरचा असतो. तो दोन्ही बाजूंना आल्याने १६ मिलिमीटर रुंद पात्याचा कोन जवळपास एका अंशाने वाढतो, एक इंची पात्याचा त्याहून कमी. म्हणजे साडेअकराच्या कोनाला ताळ्यावर आणायला इतके थर लागतील की तो उपाय राहत नाही, जुगाड होतो. नव्या वस्तऱ्यासाठी पैसे मोजणाऱ्याला असा जुगाड करावा लागू नये.

आता नक्षीकडे. नक्षी म्हणजे दिखावा असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वस्तरा रोजच्या गरजेची वस्तू होता तेव्हाही तो साधा नव्हता. बेंजामिन हंट्समन यांनी १७४०च्या दशकात मुशीत वितळवलेलं एकजिनसी पोलाद तयार केल्यानंतर इंग्लंडमधलं शेफील्ड हे वस्तऱ्यांचं मोठं केंद्र झालं. पुढे तिथल्या पात्यांवर आम्लाने कोरलेली जहाजं, इमारती, बोधवाक्यं आली. साच्यात दाबून उठवलेल्या नक्षीच्या शिंगी मुठी आल्या. एकोणिसाव्या शतकात सात वस्तऱ्यांची पेटी विकली जाई, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या पात्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली अक्षरं असत. या मुलाम्याची एक गोष्ट मला आवडते: तो इतका पातळ असतो की नीट पुसूनही काही वर्षांत उडतो. जुन्या वस्तऱ्यावर सोनं शाबूत दिसलं तर तो फारसा वापरला गेलेला नाही असं समजायला हरकत नाही.

तेव्हा प्रश्न नक्षी असावी का हा नाही. ती कुठे असावी, हा आहे. वस्तऱ्यावर दगड लागणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: धारेलगतची अरुंद कड आणि पाठीच्या दोन्ही अंगांना असलेल्या दोन सपाट पट्ट्या. या दोन पट्ट्यांच्या मधला पाठीचा माथा दगडाला कधीच लागत नाही. जाणता कारागीर कानशीने पाठीवर वेलबुट्टी काढतो ती फक्त या माथ्यावर. बेफिकीर कारागीर खाचा पाठीच्या आरपार, अंगांपर्यंत नेतो. त्याने टेकण्याची जागा तुटक होते, उरलेले उंचवटे दगडावर भराभर झिजतात, आणि झीज जागोजागी वेगळी झाली की धारही सरळ राहत नाही. शिवाय मेहनतीने काढलेली नक्षी दहा-वीस वेळा निसल्यावर अर्धी पुसलेली दिसते. नक्षी दगडाच्या वाटेतून बाजूला असणं हे घडवणारा स्वतः वस्तरा निसतो याचं लक्षण आहे. मी वस्तरा हातात घेतला की पोलादाची चौकशी करण्याआधी हे पाहीन.

पात्याच्या मागे, जिथे अंगठा आणि बोटं टेकतात त्या मानेवर, हवं ते करावं. तिथे आडव्या बारीक खाचा असतील तर फेसाने ओल्या झालेल्या बोटांना पकड मिळते, ही सगळ्यात उपयोगी सजावट. फक्त खाचा खोल आणि अरुंद नकोत. त्यांत साबण अडकतो, पाणी राहतं, आणि साध्या कार्बन पोलादाला एका रात्रीत तांबूस ठिपके पडतात.

दमास्कस पोलादाविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बडेजावाचा आरोप सर्वात जास्त त्याच्यावर होतो. आज ज्याला हे नाव दिलं जातं ते दोन प्रकारच्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेलं असतं. चांगल्या कामात बहुधा १०९५ आणि १५एन२० ही जोडी असते. पहिल्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के. दुसऱ्यात ०.७५ टक्क्यांच्या आसपास, शिवाय सुमारे दोन टक्के निकेल. फेरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवलं की निकेलचा थर उजळ राहतो, दुसरा काळवंडतो, आणि लहरी उमटतात. दोन्ही पोलादं कडक होणारी असल्याने धार एकसारखी लागते. या नक्षीने दाढी रतिभरही चांगली होत नाही आणि वाईटही होत नाही. मात्र जोडीतलं एक पोलाद कमी कार्बनचं असेल तर धारेवर कडक आणि मऊ जागा आळीपाळीने येतात. मऊ जागा आधी झिजते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धार करवतीसारखी दिसते. दोन थरांमध्ये सांधा नीट बसला नसेल तर त्याहून वाईट. दगडावर पातळ होत जाताना तो सांधा नेमका धारेवर उघडा पडतो आणि तिथला तुकडा निघतो. ही उणीव विकत घेताना दिसत नाही. म्हणून नक्षीदार पात्याबाबत कारागिराला थरांमधली दोन्ही पोलादं नावानिशी विचारावीत. ज्याला ती सांगता येत नाहीत त्याच्याकडून घेऊ नये.

साध्या पोलादांत १०९५, ओ-१ आणि ५२१०० ही नावं वारंवार भेटतात. तिन्ही उत्तम. कोणतं घ्यावं यापेक्षा त्याला पाणी कसं दिलं, म्हणजे तापवून आणि झटकन थंड करून कडक कसं केलं, याला फार महत्त्व आहे. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून पातं तेलात विझवतात. १०९५ला थंड व्हायला एका सेकंदाहूनही कमी अवधी मिळतो, म्हणून तेल जलद हवं. ओ-१ जास्त सवड देतं, पण त्या तापमानाला काही मिनिटं धरून ठेवावं लागतं. पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबलं की झालं, असं मानून घाई करणारे चुकतात. चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास जातं, पाणी देण्याचा ताव त्याच्या थोडा पुढे आहे. विझवताना धार आधीच कागदासारखी पातळ केलेली असेल तर ती लाटेसारखी वाकते. तिला एक मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवणं शहाणपणाचं. त्यानंतर १७५ ते २०५ अंशांच्या दरम्यान, दोन वेळा, दोन-दोन तास शेकायचं. कडकपणा रॉकवेल सी मापावर ६० ते ६२च्या आसपास यावा. शेकायचं टाळलं तर धार काचेसारखी तुटते; जास्त शेकलं तर ती टिकत नाही, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना वळते.

सगळ्यात मोठा धोका यानंतर आहे. पाणी दिलेलं पातं घासून पोकळ करायचं, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू आत वळवायच्या असतात, आणि घासताना धारेकडची पातळ कड सर्वात आधी तापते. शेकलं त्या तापमानाच्या वर ती गेली की तिथलं पाणी उतरलं. पिवळसर छटा आली तर धोक्याची सूचना, निळी आली म्हणजे ३०० अंशांच्या जवळपास पोचलं. जाणकार कारागीर उघड्या हाताने पातं धरतो, प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवतो. निळा डाग झिलई करून पुसता येतो. मऊपणा पुसता येत नाही. असा वस्तरा ओळखायचा तो वापरातच: एकाच जागी, दरवेळी त्याच जागी, दोन दाढ्यांत धार बसते, आणि बाकीचं पातं ठीक असतं. आरशासारख्या झिलईकडे थोडं संशयाने पाहावं असं मी म्हणतो ते यासाठी. झिलईच्या चाकावरही धार तापते. शिवाय पाठीच्या आणि खोलगट भागाच्या मधली रेष त्या चाकाखाली बोथट, धूसर होते. ही रेष पात्याच्या सुरुवातीपासून टोकापर्यंत सुरीने ओढल्यासारखी स्वच्छ असेल आणि वर झिलईही असेल, तर हात मोठा आहे असं खुशाल समजावं. झिलईचा एक खरा फायदाही आहे: गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी थांबत नाही, गंज उशिरा धरतो.

इथे कारखान्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पूर्ण पोकळ पातं, जे अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवलं तर लवतं आणि दाढी करताना गुणगुणतं, ते घडवण्याची विद्या झोलिंगेनच्या घासकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परमोच्च बिंदूला नेली. लहान व्यासाची दोन चाकं, मधून सरकणारं पातं, आणि दोन्ही बाजू एकदम घासल्या जातात. एकट्याने काम करणारे आजचे बहुतेक कारागीर फिरत्या खरकागदी पट्ट्याच्या यंत्रावर, मोठ्या व्यासाच्या चाकावर घासतात. त्यातून पाव किंवा अर्ध पोकळ पातं निघतं. ते वाईट नाही. राठ, दाट दाढीला अर्ध पोकळ पात्याचा ठामपणा उलट बरा. पण पूर्ण पोकळ पात्याची आवड असणाऱ्याने नुसती सही पाहून घडवून घेऊ नये. झोलिंगेनचा जुना, साधा, नीट निसलेला वस्तरा त्याला जास्त आनंद देईल, आणि गालावर फरक कळला तर तो जुन्याच्याच बाजूने कळेल.

मग घडवून घेण्यात मिळतं काय? धार जास्त तीक्ष्ण मिळत नाही. ती शेवटी निसणाऱ्याच्या हातात आहे. १००० नंबरच्या दगडावर कड बसवायची (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), मग ५०००, ८०००, १२००० असं चढत जायचं, आणि शेवटी पट्टा: कापडावर वीस-तीस फेऱ्या, चामड्यावर पन्नास-साठ, पाठ पुढे ठेवून आणि दरवेळी पाठीवरूनच उलटून. हे ज्याला येतं त्याच्या हातात साधा वस्तराही केस हवेत तोडतो. मिळतं ते माप. मोठा पंजा असलेल्याला मानेची लांबी दहा मिलिमीटर जास्त हवी असते, कारखान्याच्या वस्तऱ्यात ती मिळत नाही. ज्याची दाढी गळ्याशी भोवऱ्यासारखी उगवते त्याला अरुंद पातं आणि किंचित बाहेर वळलेली धार सोयीची. मिशीच्या कडा कोरणाऱ्याला चौकोनी टोक हवं. बाकीच्यांनी गोल टोकच घ्यावं, कारण चौकोनी टोक कानाच्या पाळीला हमखास लागतं. अशा चार-पाच गरजा सांगता येणारा माणूस कारागिराकडे गेला तर त्याच्या हाती येणारी वस्तू त्याची असते. त्या कळायला आधी साध्या वस्तऱ्याने काही महिने दाढी केलेली असावी लागते. पहिलाच वस्तरा घडवून घेणारा माणूस मापं सांगू शकत नाही, फक्त सजावट निवडू शकतो. बडेजावाचा आरोप मला खरा वाटतो तो इथे, आणि त्यात दोष वस्तऱ्याकडे जात नाही.

मुठीचंही असंच. तिच्या दोन फळ्या जाड, जड लाकडाच्या केल्या की हातात घेताना भारी वाटतं, पण उघडल्यावर तोल मागे जातो आणि गालावर पातं हलकं, अस्थिर पडतं. उघडलेल्या वस्तऱ्याचा तोल बिजागरीच्या खिळ्याच्या आसपास असावा. कारागीर फळ्या आतून कोरून किंवा त्यांची जाडी तीन मिलिमीटरच्या आत आणून हे साधतात. शेपटीकडे दोन फळ्यांमध्ये निमुळती पाचर असते. ती सरळ ठोकळ्यासारखी कापली तर फळ्यांना ताण येत नाही आणि पातं सैल लोंबतं. खिळा साधारण १.६ मिलिमीटरचा, पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचा. त्याचं डोकं छोट्या हातोडीने, हलक्या हाताने, फिरवत फिरवत बसवायचं. जोर लावला की खिळा आतल्या आत वाकतो आणि पातं एका बाजूला झुकतं. परीक्षा अशी: वस्तरा हळू मिटताना धार दोन फळ्यांच्या बरोबर मधून गेली पाहिजे. एका फळीला ती पुसटशीही घासत असेल तर रोज मिटताना थोडी थोडी बोथट होत राहील, आणि मालक निसण्याला दोष देत बसेल.

मुठीच्या साहित्याबाबत माझं मत स्पष्ट आहे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदीचा निर्णय झाला, आणि नव्या कामात त्याची हौस असूच नये. शिंग सुंदर, पण कोरड्या हवेत वाकतं, अधूनमधून तेल मागतं. लाकूड पाण्याने फुगतं. त्यात राळ भरून घेतलेली असावी. जुन्या सेल्युलॉइडपासून, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लास्टिकपासून, तर जपूनच राहावं: ते कुजू लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि मिटलेल्या पात्याला आतून गंज चढवतं. कागद किंवा कापड राळेत दाबून केलेली मिकार्टा दिसायला साधी, पण पाण्याला, काळाला आणि पडण्याला तिच्याइतकं कुणी टिकत नाही. हजार वेळा ओल्या हातात यायची वस्तू असेल तर मी तीच निवडीन.

किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं आणि पुढच्या दशकांत बहुतेकांच्या घरातून वस्तरा गेला. त्यानंतर त्याची गरज कुणालाच उरलेली नाही, त्यामुळे आज तो घेणारा प्रत्येकजण हौसेनेच घेतो. हौस आणि दिखावा यांतला फरक वस्तऱ्यावर उमटतो, तो असा. दोन-तीन वर्षं वापरलेल्या वस्तऱ्याच्या पाठीच्या दोन्ही अंगांना दगडाच्या झिजेने आलेली अरुंद, चकचकीत, सगळीकडे सारख्या रुंदीची पट्टी दिसते. धारेलगतची कडही मुळापासून टोकापर्यंत सारखी असते. दमास्कसची नक्षी त्या पट्टीपुरती पुसलेली असते. संग्राहक याला खराबी म्हणतात आणि किंमत पाडतात. माझ्या मते वस्तऱ्याचा डौल तिथे पुरा होतो. पट्टी एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल तर पातं मुळात वाकडं आहे किंवा निसणाऱ्याने टोकावर जास्त दाब दिला आहे. कोणतं ते कळण्यासाठी कडेवर शाईच्या पेनने रेघ ओढावी, दगडावर बिनदाब एक फेरी मारावी आणि शाई कुठे उरली ते पाहावं. दोन्ही बाजूंना शाई एकमेकींच्या विरुद्ध टोकांना उरली तर पातं पिळलेलं आहे. तसा वस्तरा नवा असेल तर परत पाठवावा, मग त्याच्यावर कितीही सुंदर काम केलेलं असो.